थोडी उजळ

शेलूबाजारच्या शिवारात हळद शिजायला लागली की तिचा वास माझ्या दुकानापर्यंत येतो. चौकातली भजी, जीपगाड्यांचं डिझेल, समोरचं खताचं दुकान, या सगळ्यांना ओलांडून तो येतो आणि काउंटरपाशी टेकतो. कच्च्या मातीचा, थोडा कापराचा, थोडा भिजलेल्या पोत्याचा. फेब्रुवारी सरत आलेला असतो. फोटो काढायला येणाऱ्यांची बोटं पिवळी असतात. पैसे देताना, पावती घेताना काउंटरच्या काचेवर पिवळे ठसे उमटतात, आणि मी ते दिवसभर पुसत नाही. माझं या गावात फोटो स्टुडिओचं दुकान आहे. पासपोर्ट साईज, लग्नाचे अल्बम, फ्लेक्स. निम्मं आयुष्य याच खुर्चीत गेलं.

या दिवसांत वैशूची फार आठवण येते. वैशू म्हणजे वैष्णवी, आमची एकुलती एक. पुण्यात असते, एका कंपनीत लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायचं काम करते. रविवारी दुपारी तिचा व्हिडिओ कॉल येतो. हळदीच्या दिवसांत ती आधी आईशी बोलते, कारण शेत आईच बघते. संगीता फोन धरून कुकरपाशी जाते. कुकर म्हणजे हळद शिजवायचे ते मोठे पत्र्याचे ड्रम. झाकण उघडलं की वाफेचा लोट उठतो, फोनवर काही दिसेनासं होतं, आणि तिकडून वैशू म्हणते, "आई, वास आला मले." संगीता म्हणते, "काय बोलतं वं, फोनातून वास येते का कुठी?" दरवर्षी हेच. दोघी दरवर्षी हसतात.

मग फोन माझ्या हातात येतो. आणि मी वाट बघायला लागतो.

हल्लीच्या फोनमध्ये अशी सोय आहे, की कॅमेरा सुरू होतो तोच चेहरा बदलून. कातडी गुळगुळीत होते, रंग दोन घरं वर चढतो, डोळ्यांखालची सावली जाते, नाक जरा सरळ होतं. वैशू आईबापाशी बोलतानासुद्धा ते बंद करत नाही. माझ्यासमोर जी मुलगी बोलत असते ती छान असते, तिचा आवाज वैशूचा असतो, पण ती कुण्या बऱ्या घरची अनोळखी पोरगी असावी तशी दिसते. मात्र या सोयीला एक खोट आहे. चेहऱ्यासमोरून हात गेला की फोन गोंधळतो. चेहरा कुठे गेला ते त्याला कळत नाही. हात बाजूला झाला की तो पुन्हा शोधतो, त्याला तो सापडतो, आणि परत रंग चढवतो. या मधल्या पापणी लवण्याएवढ्या वेळात माझी पोरगी दिसते. सावळी, कपाळावर बारीक पुरळ, डाव्या भुवईत लहानपणी पडल्याची रेघ. आणि गेली.

म्हणून मी तिला काहीबाही सांगत राहतो. "वैशू, नाकाले काय लागलं तुह्या?" "डोळ्यावर केस आले, मागं घे." ती हात फिरवते, मी बघून घेतो. संगीता एकदा वैतागून म्हणाली, "वो, तुमी तिले सारखं तोंड पुसाले काहून लावता?" मी म्हणालो, "सहज." माझं आयुष्य असं 'सहज' म्हणण्यातच गेलं आहे. बोलायचं असतं ते राहतं.

वैशू दहावीत होती ती हळद मला जशीच्या तशी आठवते. पीक चांगलं होतं, कंद काढताना कुदळ टाकली की मातीतून पिवळ्या बोटांचे पंजेच्या पंजे वर यायचे. वैशू पहाटे उठून अभ्यास करायची आणि उजाडलं की गावाबाहेरच्या रस्त्यावर धावायची. तिला कुणी शिकवलं नव्हतं. घरी येताना धुळीने भरलेली, पाय राखेत घातल्यासारखे. आजी असती तर ओरडली असती. संगीता फक्त एवढंच म्हणायची, "पायरीवर पाय धू, मंग आत ये." त्या वर्षी वाशीमला मुलींची दौड झाली. परीक्षा तोंडावर होती, तरी मी तिला घेऊन गेलो. आणि ती पहिली आली.

शेवटच्या वळणावर मी कॅमेरा घेऊन उभा होतो. ती आली तेव्हा तिची एक वेणी सुटलेली होती. चेहऱ्यावर धूळ, धुळीतून घामाचे ओघळ, तोंड उघडं, सगळे दात दिसतायत. ऊन तिच्यावर सरळ पडत होतं आणि ती काळ्या मातीच्या ओल्या ढेकळासारखी चमकत होती. ती कॅमेऱ्यात बघत नव्हती. कॅमेऱ्याच्या थोडं वर, माझ्याकडे बघत होती. मी बटण दाबलं. हजारो फोटो काढले आहेत मी, नवऱ्यामुलींचे, बारशाचे, मंत्र्यांच्या सत्काराचे. तसा एकही नाही.

येताना काळीपिवळी जीपमध्ये गर्दी होती. वैशू माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती, पदक मुठीत. समोरच्या म्हाताऱ्याने विचारलं, "कोनाची पोट्टी हाये?"

"माही," मी म्हणालो. त्या एका शब्दाचं सुख अजून जिभेवर आहे.

चौकातली मंडळी म्हणाली, फ्लेक्स लागलाच पाहिजे. आमच्याकडे वाढदिवसाला फ्लेक्स लागतो, नोकरी लागली की लागतो, निवडून आलं की लागतो, पडलं तरी आभाराचा लागतो. आणि फ्लेक्स करणारा तर मीच. संध्याकाळी दुकानात बसलो. वर 'शेलूबाजारची वाघीण' असं लिहिलं. मग फोटो घेतला.

इथे मला थोडं धंद्याचं सांगावं लागेल. आमच्याकडे फोटो काढायला आलेली बाई खुर्चीत बसण्याआधी म्हणते, "भाऊ, थोडी उजळ निघू द्या पोरीले." स्थळासाठी फोटो असला तर ते म्हणावंही लागत नाही. पूर्वी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून करायचो, नंतर कॉम्प्युटर आला. आलेल्याला पाण्याचा गिलास द्यावा तशी ती रीत होती. विचारायचं नाही, करून टाकायचं. मंगरूळपीर तालुक्यातल्या किती पोरींना मी त्यांच्या न झालेल्या सासरी गोरं करून पाठवलं, ते मलाही सांगता येणार नाही. पुढे पाहुणे यायचे, हातात फोटो धरून एकदा फोटोकडे, एकदा पोरीकडे बघायचे, आणि पोरीची मान आणखी खाली जायची. हे मला ऐकून ठाऊक होतं. दुकानात बसणाऱ्याला ते बघावं लागत नाही.

तर वैशूचा फोटो घेतला, आणि हात चालायला लागला. आधी घाम काढला. मग धूळ. मग सुटलेली वेणी नीट केली. मग रंग. मला स्वच्छ आठवतं, कुठेही हात अडला नाही. कुणाच्या तरी पोरीचं काम करावं तसं मी माझ्या पोरीचं केलं. शेवटी सेव्ह दाबलं, त्याच फोटोवर. मूळ प्रत वेगळी ठेवायची असते, हे मी दुसऱ्यांना शिकवत आलो आहे. दुसऱ्या दिवशी लग्नाची ऑर्डर होती, कॅमेऱ्यातलं कार्ड रिकामं करून पुन्हा त्यातच घातलं. असा तो फोटो गेला. दौडीच्या वळणावरची ती मुलगी आता जगात कुठेच नाही.

फ्लेक्स जीपच्या टपाएवढा लागला. सकाळी मी हौसेने तिला चौकात नेलं. ती खाली उभी राहून बराच वेळ वर बघत राहिली. मग म्हणाली, "पप्पा, हे कोन हाये?"

मला वाटलं गंमत करतेय. मी हसलो. चहावाला टपरीतून ओरडला, "भाऊ, हिरोईनच केली तुमी पोरीची. वळखूच नाई येऊन राह्यली." ते मी कौतुक म्हणून घेतलं.

दुपारपर्यंत तिच्या वर्गातल्या कुणीतरी तिचा शाळेतला एक फोटो आणि फ्लेक्स शेजारी शेजारी जोडले होते. एकावर 'आदी', दुसऱ्यावर 'नंतर'. खाली लिहिलं होतं, 'कोनती हळद लावली वं?' ते पोरापोरांच्या स्टेटसवर फिरलं. वैशूकडे तेव्हा फोन नव्हता, आईचा फोन अभ्यासाच्या गटासाठी वापरायची. तिथेच तिला दिसलं. मला ते तिने दाखवलं नाही, संगीताने दाखवलं. मी बघितलं आणि फोन परत दिला. पोरांनी निम्मंच काम केलं होतं. आदी कुठलं आणि नंतर कुठलं, ते तर मीच ठरवलं होतं.

संध्याकाळी फ्लेक्स उतरवला. वाऱ्याने फाटला म्हणून सांगितलं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी आम्ही शेतात होतो. शिजवलेली हळद ताडपत्रीवर पसरायची, मग रोज फिरवायची, हळकुंडं कडक होईस्तोवर. वैशू एका टोकाला, मी दुसऱ्या. ती वाकून हळद फिरवत होती, आणि न थांबता, मान वर न करता म्हणाली, "पप्पा, एक विचारू? मी तशी असती, फ्लेक्सवरच्यासारखी, तं तुमाले जास्त आवडली असती का?"

नाही म्हणायचं होतं. एवढंच. एका अक्षरात भागलं असतं. किंवा उठून तिच्या टोकाला जायला हवं होतं. पण माझं असं आहे, की खरी गोष्ट समोर आली की माझे हात काम शोधतात. मी हळद फिरवत राहिलो. मग म्हणालो, "ऊन चढून राह्यलं. तू घरी जाय, अभ्यास कर."

ती उठली. ओढणी डोक्यावरून, तोंडावरून घेतली, फक्त डोळे ठेवले, आणि बांधावरून निघून गेली. दुसऱ्या दिवसापासून तिने धावणं सोडलं. मी विचारलं तर म्हणाली, "उन्हात नाई जाणार आता." माझंच वाक्य तिने माझ्यापेक्षा नीट पाळलं.

पुढे वाशीमला कॉलेजला जायला लागली तेव्हा बसमध्ये, ऑटोत, भर थंडीतही तोंडाला स्कार्फ. फोन मिळाला तेव्हा स्कार्फचं काम फोनने घेतलं. तिचे फोटो लोकांना आवडायला लागले. छोटे व्हिडिओ टाकायची, हजारावर माणसं बघायची. 'किती गोड', 'दिदी, स्किनसाठी काय वापरता?' मी दुकानात बसून ते वाचायचो. पहिल्या वेळी वाटलं, चला, पोरगी खूश आहे. मग एका दिवाळीत बघितलं. तिने अंगणात रांगोळीपाशी बसून फोटो काढला, टाकला, आणि फोन पाटावर पालथा ठेवला. चकली खाता खाता उलटा करून बघायची, पुन्हा पालथा. चेहरा उतरत चाललेला. थोड्या वेळाने तिने तो फोटो काढून टाकला.

"काहून काढला? चांगला तं होता," मी म्हणालो.

"चालला नाई, पप्पा."

चालला नाही. बैलजोडी चालत नाही, दुकान चालत नाही, तसा चेहरा चालला नाही. तिने ते सहज म्हटलं, आणि उरलेली चकली ताटात ठेवून दिली.

मागच्या वर्षी एक स्थळ आलं. मुलगा चांगला, स्वतःहून विचारणा केलेली. त्याने वैशूचे व्हिडिओ बघितले होते. संगीता हरखली. वैशूने नकार दिला, का ते सांगेना. शेवटी आईला म्हणाली, "त्यानं जे पाह्यलं ते मी नोये, आई. समोर गेली तं तो मनात शोधत बसन, ते कुठी गेली म्हणून." संगीताने मला हे सांगितलं तेव्हा मी अल्बमची पानं चिकटवत होतो. गोंद हाताला लागला, तो सोलत बसलो.

आता दुकानात पोरी येतात त्या 'उजळ करा' म्हणत नाहीत. स्वतःचा फोन पुढे करतात. "काका, असा काढा." परवा एक आली होती, परीक्षेच्या फॉर्मला फोटो हवा होता. फोनमधली मुलगी आणि समोरची मुलगी मावसबहिणी वाटाव्यात इतपत सारख्या. मी म्हणालो, "बाई, हॉलतिकिटावर तुहाच चेहरा लागते." ती गोंधळून म्हणाली, "मंग हाच हाये ना माहा." तिला खरंच तसं वाटत होतं. मी तिचा आहे तसा फोटो काढला. तिने तो बघितला. ओढणी नीट करून गेली. मी अडवून काय सांगणार होतो? ज्याने ही वाट मुरूम टाकून पक्की केली, त्याने वाटसराला कोणत्या तोंडाने थांबवायचं?

आणि मग याच महिन्यात जऊळक्याकडचे एक आजोबा आले. बायको वारली होती. भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा होता. एका जुन्या मतदान कार्डावरचा लहानसा फोटो आणला होता. मी तो मोठा केला, आणि हात सवयीने चालला. फ्रेम करून दिला. आजोबांनी चष्मा पुसून बघितला, लांब धरून बघितला. मग अगदी अदबीने, माझं मन दुखू नये अशा बेताने म्हणाले, "बाई चांगली हाये, भाऊ. पण हे आमची नोये."

मी माफी मागितली, जुन्या कार्डावरून पुन्हा केला. सुरकुत्या, गालावरचा डाग, सगळं राहू दिलं. या वेळी त्यांनी काचेवरून अंगठा फिरवला, पिवळा ठसा उमटला, आणि फ्रेम पोटाशी धरून जीपकडे गेले. मी दारात उभा राहून बघत होतो. मला त्यांचा हेवा वाटला. त्यांच्याकडे परत जायला एक कार्ड होतं.

काल रविवार होता. मी दुकान बंद ठेवून शेतात गेलो. हळद ताडपत्रीवर पसरलेली होती, बरोबर तिथेच, त्या वर्षीच्या जागी. वैशूचा फोन आला. आईशी बोलणं झालं, वाफेची थट्टा झाली, फोन माझ्याकडे आला. तीच ती गोरी, गुळगुळीत, बऱ्या घरची पोरगी.

"काय पप्पा, आज नाकाले काई नाई लागलं का माह्या?" ती म्हणाली.

मी दचकलो. तिला ठाऊक होतं. बहुतेक पहिल्यापासून.

मी फोन घेऊन ताडपत्रीच्या टोकाला गेलो, संगीतापासून लांब. म्हटलं, "वैशू, तुनं मले एक विचारलं होतं. इथंच. हळद फिरवता फिरवता."

तिने मान हलवली. तिला आठवत होतं.

"त्याचं उत्तर नाई, असं हाये. तवाच द्याले पाहिजे होतं. तू वाशीमले वळणावर आली होती ना, धूळभरली, तशीच पाहिजे होती मले. तो फोटो मी माह्या हातानं पुसला. फ्लेक्स वाऱ्यानं फाटला नव्हता, तोबी मीच उतरवला. मले तो फोटो लय पाहिजे, वैशू. कुठीच नाई राह्यला तो." एवढं सलग मी लग्नात उखाणा घेतानासुद्धा बोललो नव्हतो.

तिकडे पंख्याचा आवाज येत होता. कुणाच्या तरी खोलीत भांडं पडलं. पडद्यावरची मुलगी तशीच नितळ दिसत होती. रडत असली तरी मला कळलं नसतं, ती सोय रडणंसुद्धा पुसून घेते.

"मले वाटलं तुमी इसरले," ती म्हणाली.

"नाई."

"मले आता हे बंद करता येत नाई, पप्पा. मी करून पाह्यलं. एकटी असली तरी नाई जमत. आरशातबी मले वाटते, हे कोन हाये."

ते तिचेच शब्द होते, चौकातले, फ्लेक्सखालचे. मी म्हटलं, "नको करू. असू दे."

मग तिने हात वर केला. तळवा चेहऱ्यासमोर धरला आणि सावकाश, अगदी सावकाश, खाली नेला. लहान मुलाला भो करतात तसा. फोन गोंधळला. कपाळावरचे पुरळ दिसले, भुवईतली रेघ दिसली, ओले डोळे दिसले. ते कॅमेऱ्यात बघत नव्हते, जरा खाली, माझ्याकडे बघत होते. पुन्हा रंग चढला.

"झालं पाहून?" तिने विचारलं.

बटणावर बोट ठेवलं असतं तर पडद्याचा फोटो निघाला असता. आयुष्यभर तेच केलं आहे, क्षण दिसला की बोट जातं. मी फोन दोन्ही हातांनी धरला, पिवळ्या बोटांनी, आणि म्हणालो, "अजून एकदा."

तिने हात वर केला.